कोटितीर्थाकाठचा चित्रकार

कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरांवर, दूधगंगेच्या खोऱ्यात, कागल हे गाव आहे. घाटगे घराण्याच्या जहागिरीचे हे ठाणे. पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा हमरस्ता गावाला लागूनच जातो. गावाजवळ जयसिंगराव तलाव म्हणून एक तलाव आहे. अशा तलावाच्या काठी जुन्या काळी दिवस कसा उजाडत असे, ते आज डोळ्यांपुढे आणणे कठीण झाले आहे. तांबडे फुटता फुटता बायका डोकीवर घागरी घेऊन पाण्याला येत. एका बाजूस धुणे आपटल्याचा आवाज घुमे, दुसऱ्या बाजूस गुराखी पोरे म्हशींच्या पाठीवर बसून पाण्यात शिरत. बेंदराच्या दिवशी तर काठावर जत्राच भरे. बैलांची शिंगे घासावयाची, त्यांस न्हाऊ घालावयाचे आणि मग रंगवून, झुली घालून गावात मिरवीत न्यावयाचे. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आले. मात्र त्याचे चित्र काढून ठेवावे असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

छायाचित्राची कला १८३९ मध्ये फ्रान्समध्ये जाहीर झाली. ती लवकरच मुंबईस आली आणि १८५४ मध्ये तेथे छायाचित्रकारांची एक संस्थाही स्थापन झाली. परंतु त्या काळचा कॅमेरा म्हणजे एक मोठी लाकडी पेटीच होती. काचेच्या जड तावदानांवर मसाला लावून चित्र घ्यावे लागे आणि ते उमटेपर्यंत समोरच्या माणसास पुतळ्यासारखे निश्चल बसावे लागे. खर्चही थोडाथोडका नसे. म्हणून त्या वेळची छायाचित्रे बहुतेक राजेरजवाड्यांची, साहेबलोकांची, नाहीतर किल्ले आणि लेणी यांची आहेत. घागर भरणारी बाई आणि पोहणारी म्हैस त्यांत क्वचितच सापडते. शिवाय त्या चित्रांना रंग नव्हता. पहाटेचे राखी पाणी आणि संध्याकाळचे सोनेरी पाणी कॅमेऱ्यापुढे सारखेच काळेपांढरे होऊन जाई.

कोल्हापुरात मात्र एक माणूस असा होता, की ज्याने आपले आयुष्य तलावांचे, त्यांच्या काठांचे आणि त्यांवर पडणाऱ्या उन्हाचे रंग टिपण्यात घालविले. त्याच्यापाशी कॅमेरा नव्हता. कागद, कुंचला आणि स्वतः तयार केलेले रंग एवढेच त्याचे साहित्य. त्याचे नाव आबालाल रहिमान.

आबालालांचा जन्म १८५७ च्या उठावाच्या आगेमागे एका मुसलमान कुटुंबात झाला. कुराणाच्या सुंदर हस्तलिखित प्रती तयार करणे हे त्यांच्या घराण्याचे काम. छापखाने आले तरी हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाचा मान काही निराळाच असे. या कामास विलक्षण धीर लागतो. कागद घोटून गुळगुळीत करावयाचा, काजळी आणि डिंक यांची शाई खलावयाची, बोरूचे टोक नेमके तिरपे कापावयाचे आणि मग एकेक अक्षर असे उतरावयाचे, की सबंध पानात एकही वळण चुकू नये. पानाच्या कडेने वेलबुट्टी काढावयाची ती निराळीच. घरात हे सारे चालले असता मुलाच्या हाताला वळण लागले यात नवल नाही. फारसी आणि अरबी या भाषा घरच्याच होत्या. आबालालांनी संस्कृतचाही अभ्यास केला. त्या काळच्या कोल्हापुरात ही गोष्ट कोणाला विचित्र वाटली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हा मुलगा चित्रे काढतो आणि ती साधी नाहीत, हे एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीच्या नजरेस आले व तिच्या शिफारशीमुळे त्यास मुंबईस कलाशिक्षणासाठी जाण्याची संधी मिळाली, असे सांगितले जाते. कोल्हापूरला आगगाडी आली ती १८९१ मध्ये. आबालाल मुंबईस निघाले ते त्याच्या अगोदर. घर सोडून एवढ्या दूरच्या शहरी चित्रे शिकावयास जाणे ही तेव्हाच्या लोकांच्या दृष्टीने मोठी धाडसाचीच गोष्ट होती. चित्र काढणे हा पोट भरण्याचा धंदा होऊ शकेल, यावरच मुळी पुष्कळांचा विश्वास नव्हता.

मुंबईतील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झालेली होती. आबालाल तेथे दाखल झाले तेव्हा ग्रिफिथ्स नावाचे इंग्रज चित्रकार शाळेचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करवून घेण्याचे प्रचंड काम याच ग्रिफिथ्सनी आपल्या विद्यार्थ्यांकडून पुरे करून घेतले. शाळेतील शिस्त मोठी कडक. प्रथम पुतळे समोर ठेवून त्यांच्या छायाप्रकाशाचा अभ्यास करावयाचा, मग जिवंत माणूस समोर बसवून त्याची हाडे, स्नायू आणि कातडीचा पोत कागदावर उतरावयाचा. घरी शिकलेली रेषा सपाट पानावरची होती. येथे त्याच रेषेने गोलाई, खोली आणि वजन दाखवावयाचे होते. आबालालांनी हे नवे शास्त्र इतक्या लवकर आत्मसात केले, की १८८८ मध्ये त्यांस व्हॉइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. विद्यार्थीदशेत त्यांनी काढलेली रेखाटने पुढे अनेक वर्षे त्या शाळेत नमुना म्हणून जपून ठेवलेली होती.

ज्याच्या पदरी असे पदक पडले, त्याने मुंबईतच राहावयाचे. श्रीमंत शेटजींची तैलचित्रे, प्रदर्शने, बक्षिसे, वर्तमानपत्रांतून नाव, हा मार्ग समोर अगदी मोकळा होता. त्याच काळात राजा रविवर्मा यांची कीर्ती देशभर पसरत होती आणि त्यांची चित्रे छापखान्यातून घरोघर जाऊ लागणार होती. आबालालांनी हा मार्ग धरला नाही. घरच्या अडचणींनी त्यांस कोल्हापूरला ओढून आणले आणि एकदा परत आल्यावर ते पुन्हा मुंबईस राहावयास गेले नाहीत.

या वेळी कोल्हापूरच्या गादीवर एक विलक्षण राजा येत होता. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव या मुलाचा जन्म १८७४ चा. वडील जयसिंगराव घाटगे, आई राधाबाई. १८८४ मध्ये या मुलास कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेण्यात आले आणि कागलकरांचा यशवंतराव शाहू छत्रपती झाला. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती येताच त्यांनी जी कामे केली, ती सर्वांस ठाऊक आहेत. १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवल्या. निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि भोगावतीला बांध घालून राधानगरीचे विशाल जलाशय उभारण्याचे काम आरंभिले. परंतु या राजाला गुणी माणसांचीही भारी पारख होती. मल्लांसाठी त्यांनी खासबागेचे मैदान बांधले, नाटकांसाठी नाट्यगृह उभारले, अल्लादिया खाँसारखा थोर गवई दरबारी ठेवला. आबालाल रहिमान यांस त्यांनी आपला दरबारी चित्रकार नेमले.

दरबारी चित्रकार म्हटला म्हणजे त्याने राजाची, राणीची आणि सरदारांची चित्रे काढावी, असा सर्वत्र रिवाज. आबालालांनी तीही काढली. शिकारीच्या मोहिमेवर ते महाराजांबरोबर जात आणि रानातली धावपळ कागदावर टिपीत. शाहू महाराजांस चित्ते पाळून त्यांच्याकरवी हरणांची शिकार करण्याचा नाद होता. अशा वेळी पळणारे जनावर डोळ्यांसमोर क्षणभरच असते. ते पाहून घेऊन, मनात धरून, मग हाताने उतरवावयाचे, हे कसब आबालालांपाशी होते. पण त्यांचा जीव दरबारात रमत नसे. भपका त्यांस आवडत नसे आणि कोणाची मर्जी राखण्याचे कौशल्यही अंगी नव्हते. लहर लागली की उठावे आणि पाण्याच्या काठी जाऊन बसावे. एखादा राजा अशा नोकरावर रागावला असता. महाराजांनी त्यांस त्यांच्या मनासारखे राहू दिले. राजाश्रयाच्या पुष्कळ गोष्टी आपण ऐकतो. त्यांत चाकरी करून घेण्यापेक्षा मोकळीक देणारा आश्रय हा सर्वांत दुर्मिळ, यात शंका नाही.

कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. आज त्यांतील कित्येक बुजून गेली आहेत. पश्चिमेस रंकाळा हा सर्वांत मोठा. पूर्वी तेथे दगडाची खाण होती, असे सांगतात. देवळांसाठी दगड काढून काढून जो खळगा पडला, त्यात पाणी साठले. रंकाळ्यात संध्यामठ नावाची एक दगडी इमारत आहे. पावसाळ्यात पाणी चढले की ती बुडू लागते, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिचे खांब पुन्हा एकेक करून वर येतात. शहराच्या दुसऱ्या अंगास कोटितीर्थ. काठी महादेवाचे देऊळ, भोवती दाट झाडी, आणि शांत, हिरवट पाणी. या कोटितीर्थाच्या परिसरात आबालालांनी आपला मुक्काम ठेवला. राहणी फकिराची. अंगावर साधे कपडे, घरात सामान नाही म्हटले तरी चालेल. होती ती चित्रे.

रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट ही ठिकाणे त्यांनी किती वेळा रंगविली असतील, त्यास गणती नाही. एकच जागा ते पुन्हा पुन्हा काढीत. त्याचे कारण असे, की त्यांच्या दृष्टीने ती जागा कधी एक नव्हतीच. सकाळी धुके असता झाडे पाण्यावर तरंगत असल्यासारखी वाटतात. दुपारी ऊन माथ्यावर आले, की रंग फिकट पडतात आणि सावल्या झाडांच्या बुंध्याशी गोळा होतात. संध्याकाळी तोच घाट तांबूस होतो आणि पायऱ्यांच्या भेगांत निळी छाया उतरते. पावसाळ्याचे दिवस तर सर्वांहून निराळे. आबालाल हे फरक पाहत आणि पाहिलेले तेवढेच मांडीत.

या सुमारास युरोपातही काही चित्रकार हेच करीत होते. शाहू महाराजांचा जन्म ज्या १८७४ साली झाला, त्याच साली पॅरिसमध्ये त्या मंडळींचे पहिले प्रदर्शन भरले आणि लोकांनी त्याची भरपूर टिंगल केली. त्यांच्यापैकी मोने याने पुढे शेतातील गवताच्या गंजी निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या उजेडात रंगवून दाखविल्या. आज ती चित्रे जगभर मोलाने जपली जातात. आबालालांचे गुरू ते नव्हेत आणि त्यांचे गुरू आबालाल नव्हेत. उजेडाकडे जो नीट पाहील, त्यास सीन नदी आणि पंचगंगा सारखेच शिकवितात.

जलरंगात काम करणे हे वाटते तितके सोपे नाही. तैलरंगात चूक झाली तर वाळल्यावर वरून दुसरा रंग देता येतो. जलरंगात तसे चालत नाही. कागदाचा पांढरेपणा हाच येथे उजेड. तो एकदा झाकला गेला की परत आणता येत नाही. त्यातून समोरचे ऊन थांबावयास तयार नसते. पाण्यावर पसरलेला सोनेरी रंग पाहता पाहता विरतो. तेवढ्या वेळात रंग किती पातळ करावा, कागद किती ओला ठेवावा आणि कुंचला कोठे उचलावा, हे सारे ठरवावे लागते. घराण्यातील लेखनकाराची बिनचूक बोटे येथे आबालालांच्या उपयोगी पडली असावीत. विकतचे रंग महाग पडत. म्हणून झाडपाला, माती, दगड यांपासून ते स्वतः रंग करीत. कागदाचीही चैन नसे. मिळेल तो तुकडा घ्यावा आणि त्यावर काढावे. त्यांची कितीतरी चित्रे म्हणूनच लहान आकाराची आहेत.

ही चित्रे ते विकीत नसत. प्रदर्शनांना धाडीत नसत. काढून झाले की चित्र गठ्ठ्यात जाई आणि दुसऱ्या दिवशी दुसरे सुरू होई. या वागण्यास कोणी थोर वैराग्य म्हणेल. परंतु त्यात त्यांच्या चित्रांचे नुकसान झाले, हेही तितकेच खरे. कागदावरचे चित्र जपले नाही तर टिकत नाही. ओल लागते, वाळवी खाते, कसर पोखरते आणि उन्हाने रंग उडतात. कोल्हापूरचा पावसाळा तर कागदाचा वैरीच.

कोटितीर्थाभोवतालचे जगही बदलत होते. १९०६ मध्ये महाराजांनी कापडाची गिरणी काढली, ती या तळ्याच्या शेजारीच. भोंगा वाजू लागला, चिमणीचा धूर दिसू लागला आणि जेथे चिटपाखरू फिरकत नव्हते तेथे कामगारांची वर्दळ सुरू झाली. गावाला गिरणी हवी होती. कितीएक घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या. परंतु आबालालांच्या कागदावरील शांत कोटितीर्थ पुन्हा कोणास पाहावयास मिळावयाचे नव्हते. रंकाळ्याचेही तसेच. त्याच्या काठावर आज दिसणारा शालिनी राजवाडा १९३४ च्या सुमारास पुरा झाला. आबालालांच्या वेळी तेथे मोकळे माळ आणि झाडेच होती.

आबालाल एकांतप्रिय होते, तरी कोल्हापुरातील तरुण चित्रकारांवर त्यांची छाप पडल्यावाचून राहिली नाही. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातील दोघे भाऊ तेव्हा नाटकांचे पडदे रंगवून नाव मिळवीत होते. त्यांच्या मनात आबालालांविषयी मोठा आदर होता. पडद्यावरील निसर्ग हुबेहूब वाटावा, त्यात खोली दिसावी, यासाठी या बंधूंनी अपार खटपट केली. पुढे चित्रे हलती करण्याचे वेड त्यांस लागले. १९१६ मध्ये आनंदराव अकाली निवर्तले. बाबूरावांनी जिद्द सोडली नाही. कोल्हापुरातच कॅमेरा तयार करून त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ मध्ये तर त्यांनी कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी दाखविली. देवादिकांच्या कथांवर जगणाऱ्या त्या वेळच्या पडद्यावर खेड्यातील साधा माणूस आला, तो कोल्हापूरकरांच्या हातून.

१९२२ च्या मे महिन्यात शाहू महाराजांचे मुंबई येथे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. सबंध करवीर राज्य शोकात बुडाले. आबालालांच्या दृष्टीने तर आपणांस जाणणारा एकमेव माणूस गेला. यापुढची जी हकीकत कोल्हापुरात सांगितली जाते, ती ऐकून आजही मन विषण्ण होते. आपल्या चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे त्यांनी कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिले, असे लोक सांगतात. कोणी ती चित्रे शेकड्यांनी मोजतो, कोणी हजारांनी. सांगणाऱ्यागणिक आकडा फुगत जातो, तेव्हा त्यावर विसंबण्याचे कारण नाही. परंतु जो माणूस चाळीस वर्षे जवळजवळ रोज चित्र काढीत होता, त्याची आज हाताशी असलेली चित्रे फारच थोडी आहेत, ही गोष्ट कोणास नाकारता येत नाही.

त्यांनी असे का केले असावे? ज्याच्यासाठी काढावे तोच उरला नाही, या दुःखाने केले असेल. पाण्यावरून घेतलेले पाण्यास परत द्यावे, असे त्या फकिरी मनास वाटले असेल. कदाचित ओल आणि वाळवी यांनी नासलेल्या कागदांचे दुसरे करावयाचे तरी काय, असाही साधा विचार असेल. काहीही असो, त्यामुळे शहराची जी हानी झाली ती भरून येण्यासारखी नाही. रंगीत छायाचित्राची पहिली सोयीची पद्धत युरोपात १९०७ मध्ये निघाली. ती सामान्यांच्या हाती येण्यास आणखी कित्येक वर्षे लागली. १८९० किंवा १९०० साली रंकाळ्याचे पाणी सकाळी कोणत्या रंगाचे दिसे, हे सांगणारे साधन आबालालांच्या कागदाखेरीज दुसरे कोणते होते?

महाराजांच्या पश्चात ते आणखी नऊ वर्षे जगले. राहणी होती तशीच राहिली. हात थकला, दृष्टी मंदावली, तरी तळ्याकाठी बसणे सुटले नाही. २८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल रहिमान यांचा देहान्त झाला. त्यांच्या मागे पैसाअडका नव्हता. इतस्ततः पांगलेली चित्रे होती. कोणाच्या दिवाणखान्यात एक, कोणाच्या पेटीच्या तळाशी दुसरे.

कोल्हापुरातील चित्रकारांनी आणि रसिकांनी मग ती शोधून काढण्यास आरंभ केला. पेटीतून कागद बाहेर निघाले, त्यांवरची धूळ झटकली गेली, फाटलेल्या कडा चिकटविल्या गेल्या. त्यांपैकी काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत, काही मुंबईच्या कलाशाळेच्या संग्रहात आहेत. तळव्याएवढ्या कागदावर तळे असते, काठावर झाडे असतात, आणि पाण्यात त्या झाडांची थरथरती सावली. रंग थोडे फिके पडले आहेत. तरी सकाळ कोणती आणि संध्याकाळ कोणती, हे कोणी न सांगता ओळखू येते.